थट्टा आणि छळ

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेचे पटांगण गजबजून जाते. कोणी आट्यापाट्या मांडतो, कोणी डब्यातील भाकरीचा तुकडा मित्राच्या हातावर ठेवतो, तर कोणी उगाचच धावत सुटतो. या गलबल्यात थट्टामस्करीही चालावयाचीच. तुम्ही मित्राची चप्पल लपविली, तो क्षणभर रागावला आणि मग हसला, दुसऱ्या दिवशी त्याने तुमची टोपी लपविली, म्हणजे हिशेब पुरा झाला. अशा थट्टेस कोणीही समंजस शिक्षक हरकत घेणार नाही. मीही कधी घेतली नाही.

परंतु समजा, एकाच मुलाची चप्पल रोज लपविली जाते. तो हसत नाही, तरी बाकीचे हसतात. त्याने उलट कोणाची टोपी लपविण्याचे धाडस करावे, तर त्याचा परिणाम काय होईल हे तो जाणून असतो. येथे थट्टा संपली व छळ सुरू झाला. दोहोंमधील सीमारेषा बारीक असते. त्यामुळे ती केव्हा ओलांडली गेली हे मोठ्यांच्याही पुष्कळदा ध्यानात येत नाही.

स्वीडनमध्ये जन्मलेले व पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी १९७० नंतरच्या काळात या प्रकाराचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. दुसऱ्यास दुखवावे हा हेतू असणे, तीच गोष्ट पुनःपुन्हा घडणे आणि दोघांच्या बळात विषमता असणे. यांपैकी तिसरी खूण नीट समजून घेतली पाहिजे. बळ म्हणजे केवळ दंडातील ताकद नव्हे. वयाने मोठे असणे, मागे चार मित्र असणे, घरी पैसा असणे, शाळेची भाषा जन्मापासून येत असणे, हीदेखील बळाचीच रूपे होत. म्हणून दोन सारख्या ताकदीच्या मुलांचे भांडण म्हणजे छळ नव्हे. ते कितीही कडाक्याचे असो, ते भांडणच. उलट ज्यात कोणी कोणाच्या अंगास हातही लावला नाही, असा छळ मी माझ्या स्वतःच्या वर्गात पाहिला आहे. तो वेळीच ओळखता आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ही गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो व डहाणू रोडजवळच्या एका शाळेत सातवीस मराठी शिकवीत असे. वर्गात एक वारली मुलगा होता. तो आपल्या पाड्यावरून चिकूच्या वाड्यांमधली पायवाट तुडवीत रोज शाळेत येई. पावसाळ्यात वाटेतील ओहोळ भरला की त्याचा सदरा कमरेपर्यंत भिजलेला असे. तो अंगाने किरकोळ, पण गणितात हुशार व स्वभावाने आनंदी होता. त्याच्या घरची बोली वारली. तिच्यामुळे त्याच्या उच्चारात ‘ळ’ चा ‘ल’ होई. ‘शाळा’ हा शब्द त्याच्या तोंडून ‘शाला’ असा निघे.

वर्गातील एका थोराड मुलास याची गंमत वाटली. उतारा वाचण्याची पाळी त्या मुलाची आली की हा मागच्या बाकावरून दबल्या आवाजात ‘शाला, शाला’ असे म्हणे आणि सारा वर्ग फिस्सकन हसे. प्रथम तो मुलगाही त्यांच्याबरोबर हसला. पुढे त्याने हसणे सोडले. मग तो वाचताना ज्या शब्दांत ‘ळ’ आहे ते शब्दच गाळू लागला. ‘बाळू सकाळी नदीवर गेला’ असे वाक्य असले तर तो ‘नदीवर गेला’ एवढेच वाची. मी त्यास निष्काळजीपणाबद्दल दोनतीनदा रागे भरलो. खरी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती दिवाळीनंतर, आणि तोवर तो आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहू लागला होता.

आता थोडा विचार करा. हिंदी बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या नित्याच्या भाषेत ‘ळ’ हा वर्ण नाही. मुंबईहून बदलून आलेले एखादे हिंदीभाषक अधिकारी आमच्या शाळेत भाषण करीत, तेव्हा तेही ‘शाला’ असेच म्हणत, आणि हीच मुले त्यांस टाळ्या देत. तेव्हा मुले हसत होती ती उच्चारास नव्हेच. उच्चार हे केवळ निमित्त होते. हा मुलगा पाड्यावरचा आहे, गरीब आहे, याच्या बाजूने कोणी उठणार नाही, हे त्यांनी हेरले होते. छळाचे पहिले कारण हे आहे. ‘तो काळा आहे’, ‘तो जाड आहे’, ‘तो तोतरा बोलतो’, असे वेगळेपण दाखवून छळणारे आपले वर्तन समर्थनीय ठरवू पाहतात; परंतु वेगळेपण तर प्रत्येकात असते. जो एकटा असतो त्याचेच वेगळेपण तेवढे बाहेर काढले जाते.

ही रेघ मुले आपल्या मनाने ओढतात असेही नाही. मोठ्यांनी ओढलेली रेघच ती गिरवितात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यास शाळेत होते तेव्हा त्यांस वर्गातील इतर मुलांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शाळेच्या नळास हात लावण्याची मनाई असल्यामुळे शिपाई हजर नसेल तर तहानेले राहावे लागे. हा नियम मुलांनी केला नव्हता. परंतु जेथे मोठी माणसे एका मुलास वेगळे बसवितात, तेथे लहानांस त्याची हेटाळणी करण्यास वेगळी परवानगी लागत नाही. डहाणू आणि तलासरी या भागांत एकाच बाकावर वारली, मांगेला, गुजराती, पारशी, मराठी आणि उत्तरेकडून आलेल्या कामगारांची मुले बसतात. घरी जेवताना शेजाऱ्याबद्दल जो शब्द कानावर पडतो तोच दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकू येतो.

आता छळणाऱ्या मुलाकडे वळू. तो दुष्ट असतो असे मानून मोकळे होणे सोपे आहे. त्या थोराड मुलाच्या घरी मी पुढे गेलो, तेव्हा मला दिसले की त्याचे वडील त्याच्याशी बोलताना हातात येईल ती वस्तू फेकून मारीत. घरी तो सर्वांत दुबळा होता. वर्गात आल्यावर तेवढा तो बलवान होई. तथापि, प्रत्येक छळणारा असा दुःखीच असतो हेही खरे नाही. मी असेही विद्यार्थी पाहिले की ज्यांच्या घरी सर्व सुख होते, अभ्यासात जे पुढे होते, शिक्षकांशी अदबीने वागत होते आणि तरीही एखाद्या सोबत्यास नकोसे करून सोडीत होते. त्यांस हवे असते ते वर्गातील मोठेपण. दुसऱ्यास खाली ढकलले की आपण वर दिसतो, हा हिशेब त्यांस फार लवकर कळलेला असतो. काही मुले तर छळतात ती निव्वळ भीतीने. आज आपण त्या टोळीत नसलो तर उद्या आपली पाळी येईल, असे त्यांस वाटते.

परंतु या सर्वांपेक्षा महत्त्वाचे कारण मला वाटते ते प्रेक्षक. ‘शाला’ हा शब्द मागच्या बाकावरून एकजण उच्चारी. त्याला कोणी हसले नसते तर त्याने तो किती दिवस उच्चारला असता? फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली व त्यांचे सहकारी यांनी बाराएक वर्षांच्या, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाच्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास करून १९९६ साली दाखवून दिले की अशा प्रसंगी वर्गातील जवळजवळ प्रत्येकाकडे काही ना काही भूमिका असते. कोणी छळणाऱ्यास मदत करतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी नजर वळवून बाजूस होतो, तर कोणी सोसणाऱ्याचा पक्ष घेतो. नजर वळविणाऱ्यास वाटते की आपण यात नाही. छळणाऱ्यास मात्र त्याचे गप्प राहणे संमतीसारखेच दिसते.

कॅनडातील संशोधकांनी शाळेच्या पटांगणावरील प्रसंग दूरच्या कॅमेऱ्याने व मुलांच्या अंगावरील लहानशा ध्वनिग्राहकाने टिपले आणि त्यांतील निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. छळाच्या शंभर प्रसंगांपैकी ८८ प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती. हजर असलेल्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग शंभरांत १९ च निघाले. परंतु पुढचा आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. जेव्हा एखादे मूल मध्ये पडले, तेव्हा शंभरांपैकी ५७ वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! दहापर्यंत अंक मोजावयास लागतो तेवढाच हा काळ.

एकट्याचे भय आणि समुदायाचे बळ यांचा याहून मोठा दाखला आपल्याच प्रदेशात आहे. स्वातंत्र्यापूर्वी या भागातील वारली शेतकरी वेठबिगारीने पिचून गेला होता. जमीनदाराच्या शेतावर व वाड्यावर त्यास मोबदल्यावाचून राबावे लागे. ज्याने लग्नासाठी कर्ज काढले तो ‘लग्नगडी’ म्हणून बायकोसह वर्षानुवर्षे सावकाराच्या दारी अडकून पडे. मारहाण तर नित्याचीच होती. जमीनदार मूठभर आणि वारली हजारो, तरीही हे कित्येक पिढ्या चालले. कारण मार खाणारा प्रत्येकजण एकटा होता व त्याचे शेजारी आपल्या झोपडीचे दार ओढून घेत. पुढे शामराव व गोदावरी परुळेकर या दांपत्याने किसान सभेच्या वतीने पाड्यापाड्यांवर हिंडून लोकांस एकत्र आणले. मे १९४५ मध्ये तलासरी भागातील झरी या गावी हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला. त्यानंतरचा लढा सोपा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच वारली बळी पडले. परंतु वेठीची प्रथा मात्र त्या निश्चयानंतर टिकली नाही. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. शाळेतील छळ आणि वेठबिगारी यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे मी जाणतो. दोहोंतील एक गोष्ट मात्र सारखी आहे. जुलूम चालतो तो जुलूम करणाऱ्याच्या ताकदीवर जितका, तितकाच इतरांच्या बंद दारांवर.

दुसरा दाखला कोसबाडचा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा दोष मुलांचा, असे म्हणणे त्या काळी रूढ होते. या दोघींनी ते मानले नाही. मुले गुरांमागे कुरणात जातात ना, मग शाळाच कुरणात नेऊ या, असे म्हणून त्यांनी ‘कुरणशाळा’ चालविली. शिकविण्याची साधने म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे अशा त्या मुलांच्या ओळखीच्याच वस्तू घेतल्या. ज्या शाळेत आपल्या रानातील बीदेखील ज्ञानाचे साधन ठरते, त्या शाळेत मुलास आपल्या पाड्याची लाज कशी वाटेल? आणि ज्याची त्यास लाज वाटत नाही, त्यावरून त्यास चिडविणेही कठीण जाते. छळ होऊ नये म्हणून शाळेने आधीच करावयाचे काम ते हे. माझ्या वर्गात मात्र मी वारली बोलीतील एक शब्दही कधी फळ्यावर लिहिला नव्हता.

उपायांकडे वळण्यापूर्वी माझी चूक सांगणे प्राप्त आहे. दिवाळीनंतर खरा प्रकार मला कळला, तेव्हा माझा संताप अनावर झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्या थोराड मुलास सर्व शाळेसमोर उभे केले, त्याच्या हातावर छड्या मारल्या आणि ज्याला त्याने छळले होते त्याचे नाव घेऊन क्षमा मागावयास लावले. मला वाटले, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात मी दोन्ही मुलांस सर्वांसमोर उघडे पाडले होते. त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर वाडीच्या कुंपणापाशी त्या मुलास तिघांनी गाठले. सोमवारपासून तो शाळेत आला नाही. मी पाड्यावर दोनदा गेलो. त्याची आई म्हणाली, “सर, तो आता येणार नाही. त्याला विटांच्या भट्टीवर पाठवलंय.” मी छडीने शिकविले ते एवढेच की ज्याच्या हाती बळ आहे त्याने ते वापरावे; आणि तो धडा तर त्या थोराड मुलाने घरीच पाठ केला होता. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. तो कायदा वाचताना मला ती सकाळ आठवली.

मग करावे काय? ज्याला सोसावे लागते त्याने प्रथम हे समजून घ्यावे की दोष त्याचा नाही. पुष्कळ मुले गप्प राहतात, कारण सांगणे म्हणजे चुगली करणे असे त्यांस वाटते. चुगली आणि तक्रार यांत अंतर आहे. दुसऱ्यास अडचणीत आणण्यासाठी सांगणे ती चुगली आणि कोणाला तरी अडचणीतून सोडविण्यासाठी सांगणे ती तक्रार. मग तो ‘कोणीतरी’ तुम्ही स्वतः का असेना! विश्वासाच्या मोठ्या माणसास सांगावे. सांगताना केव्हा, कोठे, काय घडले व कोण जवळ होते, हे नेमके सांगावे. ‘तो मला नेहमी त्रास देतो’ एवढ्याने शिक्षकास पुढे जाता येत नाही. पहिल्या माणसाने लक्ष दिले नाही तर दुसऱ्यास सांगावे. शाळेत तक्रारपेटी असते, तिचाही उपयोग करावा. अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलास १०९८ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून मदत मागता येते. छळणाऱ्याशी मारामारी करावी, असे काही वडीलधारे सांगतात. मला तो सल्ला पटत नाही. बळाची विषमता हीच तर छळाची खूण, मग दुबळ्याने बळाच्याच मैदानात का उतरावे?

वसतिगृहात व आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचा प्रश्न अधिक बिकट असतो. दिवसशाळेतील मुलास संध्याकाळी घर तरी असते. त्यांस रात्रीही त्याच खोलीत झोपावे लागते. तेथे अधीक्षकांनी नव्या मुलाच्या शेजारी कोणाची पथारी आहे, याकडे लक्ष ठेवले तरी अर्धे काम होते. भ्रमणध्वनीने तर आता घरातील संध्याकाळही हिरावून घेतली आहे. टिंगलीचे चित्र एका क्षणात साऱ्या वर्गाकडे जाते व पुसले तरी उरते. अशा वेळी चिडून उत्तर देऊ नये. ते चित्र पुरावा म्हणून जपून वडीलधाऱ्यांस दाखवावे. आणि ज्यांच्याकडे ते आले असेल त्यांनी ते पुढे पाठवू नये. पुढे पाठविणे हे या काळातले फिस्सकन हसणे होय.

शाळेने काय करावे, याचा अनुभव नॉर्वेत मिळाला आहे. तेथे १९८३ साली देशभर मोहीम निघाली. बर्गेन शहरातील शाळांत ओल्वेयस यांनी वर्गातील मुलांच्या विचाराने नियम ठरविले, मधल्या सुट्टीत शिक्षकांची देखरेख वाढविली आणि छळणारा व छळ सोसणारा यांच्याशी वेगवेगळे, शांतपणे बोलण्याची पद्धत घातली. तेथील छळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे त्यांनी नमूद केले आहे. यात छडी कोठेच नाही.

ही पद्धत मला पुष्कळ उशिरा कळली. परंतु तिचा उपयोग मला मुख्याध्यापक असताना एकदा झाला. सहावीत एक मुलगी नव्याने आली होती. तिच्या चेहऱ्यावर भाजल्याचा डाग होता. तिच्या शेजारी कोणी बसेना; डब्याच्या वेळी ती आली की मुलींचे कोंडाळे उठून दुसरीकडे जाई. कोणी तिला एक अपशब्दही बोलत नसे, म्हणून वर्गशिक्षिकेस काही गैर वाटले नव्हते. मी त्या कोंडाळ्याच्या म्होरक्या मुलीस एकटीस बोलाविले. रागावलो नाही. ती नवी मुलगी सध्या वर्गात सुखात दिसत नाही, तुला काय वाटते, एवढेच विचारले. ती बराच वेळ बोटांशी चाळा करीत राहिली व मग म्हणाली, “सर, मी तिला काहीच केलं नाही.” मी म्हणालो, “होय, तेच मी म्हणतो. आता काय करता येईल ते तू सांग.” ती काही न बोलता निघून गेली. मग तिच्या दोघी मैत्रिणींना मी असेच एकेकीला बोलाविले. त्यांतील धाकट्या अंगाची, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली की तिच्याजवळ बसावे असे तिला पहिल्या दिवसापासून वाटत होते, पण एकटीने उठायची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती उठली. डबा घेऊन त्या नव्या मुलीच्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी तिच्यामागून कोणी आले नाही. चौथ्या दिवशी दुसरी आली. म्होरक्या मुलीस यावयास पावसाळा संपावा लागला, आणि आली तेव्हाही ती काही न बोलता केवळ आपल्या डब्यातील लोणच्याची फोड पुढे करून बसली.